हिराआक्कांचा कोंडवाडा

वाळूजला आमच्या कारखान्यात दोन भोंगे होते. एक पाळी बदलताना वाजायचा, दुसरा कधीही वाजायचा. दुसऱ्याचं नाव हिराआक्का कोळेकर.

पहिल्या भोंग्याची कुणाला भीती नव्हती. तो वाजला तरी माणसं चहा संपवूनच उठत. दुसरा वाजला की मोठे साहेबसुद्धा खुर्चीतल्या खुर्चीत ताठ व्हायचे, आणि ज्याची चूक नसेल तोही खिसे चाचपायचा. हा भोंगा बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारायचा :

"लॉग आउट केलं काऽऽ?"

त्या आवाजानं चहावरची साय थरथरायची. भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढं जायचं. नगर नाक्यावर सिग्नलला उभा असलेला एक रिक्षावाला म्हणे दचकून घरी परत गेला आणि आपल्या पोरानं मोबाइल बंद केलाय का ते बघून आला. आक्का मला म्हणायच्या, "पाटील, तुमचं बोलणं दहानं भागून घ्यावं लागतं." तेव्हा तुम्हीही भागून घ्या. भागूनसुद्धा काय उरतं ते बघा.

आक्का ऑफिसात आवक-जावक सांभाळायच्या. आलेलं टपाल घेणं, गेलेलं टपाल पाठवणं, मध्ये हरवलेल्या टपालाबद्दल माणसांना फाडून खाणं, असं ते काम. पुढं सगळं टपाल ईमेलवर आलं. साहेबांना वाटलं, आता आक्कांना काम उरणार नाही, त्यांना कॅन्टीनकडं द्यावं. आक्कांनी त्याच दुपारी कंपनीच्या मेलचा ताबा घेतला आणि निवृत्त होईपर्यंत सोडला नाही. ठेंगणी मूर्ती, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, नीट नेसलेली सहावारी, आणि साडीखाली कंपनीचे लोखंडी टोपणाचे सेफ्टी शूज. त्या बुटांचा टाकटाक आवाज आला की आमच्या विभागातली माणसं भराभर पडद्यावरच्या खिडक्या मिटायची. मी तपासणी विभागात होतो, आक्कांच्या टेबलासमोरच. माझा जन्म तपासण्यासाठी की तपासला जाण्यासाठी, असा प्रश्न मला रोज पडायचा.

हा आवाज आला कुठून, ते त्या स्वतःच सांगायच्या. माहेर वैजापूरच्या पलीकडं. वडील, म्हणजे आबा, मेंढरं राखायचे. "बाप एका माळावर, लेक दुसऱ्या माळावर, मध्ये अडीचशे मेंढरं. सगळा संसार वरडूनच चालायचा, पाटील. हळू बोलायला आम्ही शाळेत शिकलो, अन् ते बी नापास झालो."

कॉम्प्युटरचं सगळं ज्ञान आक्कांनी त्या माळावरूनच आणलेलं होतं. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. ईमेलमधून पुसलेल्या गोष्टी ज्या कप्प्यात जातात त्याला जग काहीही म्हणो, आक्का त्याला कोंडवाडा म्हणायच्या. गावात मोकाट जनावर कुणाच्या पिकात शिरलं की ते कोंडवाड्यात अडकवतात. मालकानं यायचं, ओळख पटवायची, दंड भरायचा, जनावर सोडवून न्यायचं. मुदतीत नाही आला तर लिलाव. लहानपणी एकदा आबांची चार मेंढरं अशी अडकली होती, आणि ती सोडवायला आबांचं बोट धरून आक्का गेल्या होत्या, ती गोष्ट आम्ही इतक्या वेळा ऐकली होती की त्या मेंढरांची तोंडं आम्हाला पाठ झाली होती.

एकदा मोठ्या साहेबांनी एका गिऱ्हाइकाचा मंजुरीचा मेल पुसून टाकला. त्या मेलवर मालाची गाडी अडली होती. साहेब घाम पुसत स्वतः आक्कांच्या टेबलाशी आले.

आक्कांनी चष्मा लावला. "जनावर कुणाचं?"

"आक्का, मस्करी नको. गाडी उभी आहे."

"मस्करी कोण करायलंय? पाठवणाऱ्याचं नाव सांगा. रंग काय? म्हंजी विषयात काय लिहिलं व्हतं? कधी हरवलं?"

साहेबांनी निमूट ओळख पटवली. आक्कांनी कोंडवाड्यात नाव घालून शोधलं, मेल सापडला, तो निवडून त्यांनी पुन्हा आवकीत आणून सोडला. "महिन्याच्या आत आलात म्हणून घावलं. मुदत सरली की ते आपोआप जातंय. मग माझ्याकडं रडत यायचं नाय. अन् कोंडवाडा रिकामा करायचं बटण परत दाबलंत तर बघा. ते बटण म्हंजी हातानं लिलाव."

"बरं."

"दंड?"

साहेबांनी सगळ्या विभागाला भजी सांगितली. पुढं ती रीतच पडली. कुणाचाही मेल हरवला की आम्ही त्याच्या दुःखात सहभागी व्हायचो आणि कांदाभजी की मिरचीभजी यावर मतं देऊ लागायचो. एक काळ असा आला की आमच्या विभागातली माणसं परस्परांचे मेल हरवावेत म्हणून देव पाण्यात घालून बसली होती.

पासवर्डाला आक्का हाळी म्हणायच्या. हाळी म्हणजे मेंढरांना घालायची हाक. प्रत्येक मेंढक्याची वेगळी. त्यांचं शास्त्र असं : "तुमची हाळी दुसऱ्याला शिकवली की मेंढरं त्याच्या मागं चालली. मग तुम्ही बसा काठी चावत. अन् हाळी अशी ठेवायची की गावातल्या शेंबड्या पोराला बी घालता येऊ नये. पाटलांसारखी नाय."

"माझ्या हाळीला काय झालं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"तुमच्या लेकाचं नाव अन् पुढं एकदोनतीन!"

हे त्यांनी आपल्या नेहमीच्या आवाजात सांगितलं. म्हणजे माझा पासवर्ड आता वाळूजमधल्या सगळ्या पाळ्यांना कळला. मी धावत जाऊन तो बदलला. आक्का मागून आल्या. "आता काय ठेवलं ते सांगू नका." मी म्हटलं, नाही सांगत. "अन् बायकोचं नाव ठेवलं आसंल तर ते बी काढा." मी ते काढलं.

हाळीच्या जोडीला काठी. मोबाइलवर जो आकडा येतो, तो टाकल्याशिवाय बँकेचं किंवा कंपनीचं खातं उघडत नाही, ती आक्कांची काठी. "मेंढरू नुसत्या आवाजावर येत नाय. आवाज आला की मान वर करून बघतंय, काठी आपल्याच माणसाच्या हातात हाय का. दोन्ही जुळलं तरच पाऊल टाकतंय. हे मेंढराला कळतंय, तुम्हाला कळना." एकदा कुण्या भामट्यानं आक्कांना फोन केला, मी बँकेतून बोलतोय, तुमच्या मोबाइलवर आलेला आकडा सांगा. आक्का म्हणाल्या, "काठी मागायला लागला व्हय रे?" आणि फोनमध्ये तोंड घालून त्यांनी त्याला एक पूर्ण हाळी ऐकवली. तो माणूस अजून कुठंतरी डावा कान धरून हिंडत असणार. त्यानं तो धंदा सोडून कीर्तनं सुरू केली असं माझं मत आहे, पण पुरावा नाही.

त्यांचे नियम लोखंडी होते. अनोळखी पत्त्यावरून मेल आला, विषयाची जागा रिकामी आणि सोबत काहीतरी जोडलेलं, की न उघडता कोंडवाडा. व्हॉट्सॲप तर त्यांनी घेतलंच नव्हतं. "तो चव्हाटा हाय. मला काय पाठवायचं ते मेलवर पाठवा." घरच्यांनाही तोच हुकूम. आणि दर थोड्या दिवसांनी आम्हा सगळ्यांना दरडावणं : खात्यावर जुना मोबाइल नंबर आहे का बघा, असला तर बदला, अडचणीच्या वेळी त्याच नंबरवर खातं परत मिळतं. आम्ही सगळ्यांनी बदलले. एका माणसाचा तेवढा राहिला होता. तो माणूस कोण, ते त्या वर्षी थंडी सुरू होताना कळलं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आक्कांना भाच्याचा फोन आला. सोपान. भावाचा मुलगा, तिकडं आबांबरोबर तोच मेंढरं बघायचा. आक्का फोनवर बोलल्या की आम्हाला दोन्हीकडचं ऐकू यायचं, कारण तोही त्याच घराण्यातला.

"आत्या, आबांची हाळी तुझ्याकडं हाय ना? परत पाठव मला."

"कोणती हाळी?"

"अगं, ऑपरेशनच्या आधी मी मोबाइलवर भरून ठेवलेली. तुला मेलवर पाठवली व्हती की!"

आबांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. गाठ गेली, आणि डॉक्टरांनी आधीच सांगितल्याप्रमाणं आवाजही गेला. माणूस ठणठणीत, जेवण नीट, पण तोंडातून नुसती हवा. हे आम्हाला माहीत होतं. सोपाननं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांची हाळी भरून ठेवली होती, हे आम्हाला माहीत नव्हतं. आक्कांनाही नव्हतं.

"मला नाय आलं काही," आक्का म्हणाल्या. "कोणत्या पत्त्यावरून पाठवलं?"

"मी नवीन खातं काढलं ना. मेंढपाळ किंग."

ऑफिसातला पंखा ऐकू यायला लागला.

"विषय काय लिहिला व्हता?"

"विषय? ते लिहावं लागतंय व्हय?"

आक्कांना आठवलं. किंग नावाचा कोणी माणूस आपल्याला विषयाशिवाय काहीतरी पाठवतोय, हे पाहून त्यांनी तो मेल न उघडता कोंडवाड्यात घातला होता. वर आम्हाला बोलावून पडदाही दाखवला होता, "बघा, भामटे आता राजे व्हायलेत." आम्ही हसलोही होतो. आणि सोपानचा मोबाइल मध्यंतरी मेंढरांना पाणी पाजताना कालव्यात पडला होता, आणि त्या किंग खात्याचा पासवर्डही त्याच्याबरोबर बुडाला होता. म्हणजे आबांचा आवाज जगात एकाच ठिकाणी शिल्लक होता, आक्कांच्या कोंडवाड्यात, आणि त्याला महिना होत आलेला.

"एवढी घाई कशाची हाय रे?" आक्का जरा दबून म्हणाल्या.

पलीकडून सोपानचाही आवाज खाली आला. "मेंढरं माझं ऐकंनात, आत्या. पांगत्यात. आबांनी दोन दिवस बघितलं अन् तेव्हापासून कळपाकडं पाठ करून पडलेत. उठनात. बाप म्हणतोय, येत्या सोमवारी बाजारात नेऊन सगळा कळप विकून टाकू."

आक्कांनी फोन ठेवला आणि आपलं स्वतःचं खातं उघडायला बसल्या. उघडेना.

त्याचं असं झालं होतं. आठवड्यापूर्वी आक्कांना सूचना आली होती की तुमच्या खात्यात कोणीतरी शिरायचा प्रयत्न करतंय. आक्कांनी त्या सूचनेतल्या दुव्यावर बोट ठेवलं नाही. वेगळी खिडकी उघडून, स्वतः पत्ता टाकून, नियमाप्रमाणं हाळी बदलली. आणि इतकी जबर हाळी ठेवली, इतकी जबर, की ती आता त्यांनाच घालता येईना. लिहून ठेवलेली नव्हती, कारण हाळी कागदावर लिहीत नाहीत. दोन-तीनदा चुकल्यावर खात्यानं दार लावून घेतलं आणि विचारलं, तुमच्या मोबाइलवर आकडा पाठवू का?

"पाठव की बाबा," आक्का म्हणाल्या.

खात्यावर नंबर होता तो आक्कांनी केव्हाच टाकून दिलेल्या सिमचा. नंबर बदलायचा राहिलेला तो एक माणूस आम्हाला सापडला. एरवी आम्ही भजीच काय, जिलेबीही मागितली असती. त्या दिवशी कोणी भज्यांचं नावही काढलं नाही.

मग उरला शेवटचा रस्ता. खातं फार जुनं, शहागंजातल्या एका सायबर कॅफेत काढलेलं, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणं त्याला एक गुपित प्रश्न चिकटलेला होता. पडद्यावर तो प्रश्न आला : तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय?

मी आक्कांकडं बघितलं. आक्कांनी माझ्याकडं बघितलं.

"पाटील, अडीचशे व्हती."

प्रश्न करणारा माणूस कुठल्यातरी सातव्या मजल्यावर मांडीवर मांजर घेऊन बसला असणार. त्याला काय ठाऊक, धनगराच्या लेकीला हा प्रश्न विचारणं म्हणजे मधाच्या पोळ्याला विचारणं की तुझी पहिली मधमाशी कोण. आक्कांनी कुत्र्याचं नाव घातलं, वाघ्या. चूक. सामान वाहणाऱ्या घोडीचं घातलं, तांबडी. चूक. खात्यानं बजावलं की आता थोडेच प्रयत्न उरलेत.

"मेंढराचं असेल," मी म्हटलं.

"मेंढराला कोण नाव ठेवतंय? कळपाला काय हजेरी असती का?"

"मग आबा कुणाला हाक मारायचे? हाळी कशी होती?"

आक्का उठल्या. पदर खोचला. सेफ्टी शूज रोवून उभ्या राहिल्या, तळहात तोंडाशी नेला. आजवर आम्ही जे ऐकत होतो ते आक्कांचं हळू बोलणं होतं, हे त्या दिवशी समजलं.

"हुर्रऽऽऽ! ये ढवळेऽऽऽ! याऽऽ या या याऽऽ! ये ढवळेऽऽऽ!"

कारखान्यातल्या यंत्रांनी श्वास रोखला. मोठे साहेब दार उघडून बाहेर आले. गेटवरचा शिपाई आत आला आणि का आलो हे त्यालाच कळेना. हाळीत दम होता, माणसंसुद्धा येत होती.

"ढवळी कोण?" मी कानातली बोटं काढत विचारलं.

आक्का तोंडावर हात ठेवून उभ्या. "ढवळी म्हंजी म्होरकी. जी पुढं चालती ती ढवळी. ती मेली की दुसरी ढवळी. काळी आसली तरी ढवळी. ते नाव नाय हो पाटील, तो हुद्दा हाय. तहसीलदारासारखा. म्हणून माझ्या ध्यानात येईना!"

आक्कांनी इंग्रजी अक्षरांत ढवळी लिहिलं. चूक. खातं म्हणालं, आता एकच संधी. आक्कांनी बोटं कळफलकावरून अशी उचलली, जशी तव्यावरून उचलावी. मग म्हणाल्या, "त्या दिवशी मी लिहिलंच नव्हतं. त्या कॅफेवाल्या खालिदभाईनं लिहिलं. चला."

मी मोटारसायकल काढली. आक्का मागं बसल्या, आणि वाळूज ते शहागंज सगळा रस्ता आम्हाला मोकळा मिळाला, कारण मला गाडीचा हॉर्न वाजवायची वेळच आली नाही. आक्का होत्या.

खालिदभाईच्या कॅफेतले कॉम्प्युटर कधीच गेले होते. आता तिथं मोबाइलची कव्हरं आणि चार्जर टांगलेले. खालिदभाई काउंटरमागं स्टुलावर. दाढी पांढरी झाली होती, पण आक्कांचा आवाज त्यानं वळून न बघता ओळखला.

"आओ आपा! कित्ते सालों के बाद! कैको चिल्लारे, क्या हुआ?"

आक्कांनी सगळं सांगितलं. खालिदभाईनं डोकं खाजवलं. "मेरे कू क्या याद रहता आपा, कित्ते लोगां का खाता खोला मैं. बोलो, क्या नाम बोले थे उस टाइम?"

"ढवळी."

"धौली?"

"ढवळी!"

"वोइच तो बोल रौं ना. धौली."

आक्का थांबल्या. माझ्याकडं बघितलं. मग फार हळू, म्हणजे शेजारच्या तीनच दुकानांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "खालिदभाई, लिहून दाखवा बरं."

काउंटरच्या काचेवर धूळ होती. खालिदभाईनं बोटानं इंग्रजी अक्षरं काढली. मधलं 'वळ' सगळं गायब, सरळ धौली. आक्कांनी ते एकदा वाचलं आणि लगेच पदरानं काच लख्ख पुसली.

"अरे आपा, रैने दो ना, मैं साफ करता."

"हाळी काचेवर ठेवतात का कुठं!" आणि मग त्यांना दुसरंच काही सुचलं. "म्हंजी एवढी वर्षं माझ्या खात्याची किल्ली शहागंजात पडून व्हती?"

"पड़ी थी तो क्या हुआ? मैं तो भूल गया था," खालिदभाई शांतपणे म्हणाला. "इससे मजबूत ताला कौन सा होता?"

आक्कांनी पुसलेली काच पुन्हा एकदा पुसली.

खालिदभाईनं आपला मोबाइल पुढं केला, इथंच उघडा म्हणून. मुदत आज सरते की उद्या हे नक्की माहीत नव्हतं, तरी आक्कांनी मान हलवली. "दुसऱ्याच्या मोबाइलवर मी हाळी घालत नाय." पुन्हा वाळूज. मी मागं आरशात बघितलं तर आक्कांचे ओठ सारखे हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. त्या धौलीचं स्पेलिंग घोकत होत्या.

ऑफिसात सगळे थांबलेले. आक्कांनी अक्षर अक्षर बघून टाकलं, आणि दार उघडलं. त्यांनी नवी हाळी ठेवली, लगेच खात्यावरचा नंबर बदलला, आणि मगच कोंडवाड्याकडं वळल्या. मी म्हटलं, आक्का, आधी मेल! त्या म्हणाल्या, "आधी फाटक लावायचं, मग मेंढरू शोधायचं." किंग तिथंच होता, सगळ्यांत तळाशी. आक्कांनी त्याला सोडवून आवकीत आणलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि आक्कांनी जोडलेल्या फायलीवर बोट नेलं, थांबल्या, आणि फोन उचलला.

"सोपान, हा किंग तूच ना?"

"व्हय आत्या."

"कशावरून? मी तुला लहानपणी कशानं मारलं व्हतं?"

"उलथन्यानं. आत्या, आता उघड की गं!"

मग उघडलं. कॉम्प्युटरच्या चिमुकल्या स्पीकरमधून आधी वारा आला, मग घुंगराचा आवाज, आणि मग एका म्हाताऱ्याची लांबच लांब हाळी. आम्हाला वाटलं होतं आक्कांचा आवाज मोठा. तो आवाज या आवाजाचं पोर होता. मोठे साहेब आक्कांच्या खुर्चीमागं उभे राहून ऐकत होते. संपलं तेव्हा आक्कांनी चष्मा काढून पदरानं पुसला, खूप वेळ पुसला, आणि म्हणाल्या, "दंड माझ्याकडून. मिरचीभजी सांगा."

रविवारी मी त्यांना वैजापूरच्या पलीकडं सोडायला गेलो. बाजार दुसऱ्याच दिवशी होता. मेंढरं कापूस निघालेल्या एका रानात बसवलेली, आणि कडेला बाभळीखाली बाजेवर आबा. खरोखरच रानाकडं पाठ करून पडलेले. आक्कांनी त्यांना उठवलं नाही. सरळ रानात गेल्या, सोपाननं आणलेला मोठा स्पीकर मोबाइलला जोडला आणि आवाज सोडला.

"हुर्रऽऽऽ! ये ढवळेऽऽऽ!"

अडीचशे माना वर झाल्या. एकही पाऊल हललं नाही.

सोपाननं पुन्हा लावलं. माना वर. पुन्हा लावलं. आता काहींनी मानाही खाली घातल्या आणि ती चरायला लागली. कपाळावर पांढरा ठिपका असलेली एक काळी मेंढी सगळ्यांच्या पुढं उभी होती. ती स्पीकरकडं अशी बघत होती, जशा आक्का विषय नसलेल्या मेलकडं बघायच्या.

सोपानचं तोंड पडलं. "नाय येत आत्या. हे बी गेलं."

पण आक्का मेंढरांकडं बघतच नव्हत्या. त्या बाजेकडं बघत होत्या. आपलाच आवाज रानातून येतोय हे ऐकून आबा कुशीवर वळले होते. मग उठून बसले. बाजेला टेकवलेली काठी त्यांनी हातात घेतली. आक्का पुढं झाल्या नाहीत, हातही दिला नाही. म्हातारा एकेक पाऊल टाकत रानाच्या बांधावर आला, आणि त्यानं काठी डोक्याच्या वर आडवी धरली.

"सोपान, लाव," आक्का म्हणाल्या.

हाळी निघाली. बांधावर आबांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, तंतोतंत, एका दमाचाही फरक नाही. काळ्या ढवळीनं एकदा आवाज ऐकला, एकदा काठी बघितली, आणि चालायला लागली. तिच्यामागं सगळं रान चालायला लागलं. एवढं दहानं भागू नका. हे मी कमीच सांगतोय.

"दोन्ही जुळलं," आक्का एवढंच म्हणाल्या.

सोमवारी बाजारात कळप गेला नाही. पुढं आक्का निवृत्त झाल्या आणि तिकडंच राहायला गेल्या. मोबाइल सोपानकडं आणि काठी आबांकडं, अशी वाटणी अजून चालू आहे म्हणतात. पण माझ्या डोळ्यांसमोर आक्का त्या रविवारच्याच. मी निघालो तेव्हा कळप माळाच्या चढाला लागला होता. पुढं आबा काठी घेऊन, मागं धुळीत आक्का, साडीखाली सेफ्टी शूज, आणि स्पीकर डोक्यावर टोपलीसारखा धरलेला. मी गाडीला किक मारली, लांबूनच हात केला. त्यांनी स्पीकर खाली घेतला, तळहात तोंडाशी नेला, आणि अख्ख्या माळावरून हाळी आली :

"पाटीऽऽऽल! लॉग आउट केलं काऽऽऽ?"

अडीचशे मेंढरांनी माना वळवून माझ्याकडं बघितलं.